वरची फळी

सोमवार, ६ तारीख

ही वही माझी नाही. कचऱ्याच्या डब्यातून उचलली. वर बटाट्याची सालं होती, ती झटकली. जाड, गुळगुळीत कागद, एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि टाकून देते म्हणजे काय? पुतणीला विचारलं तर म्हणाली, "काकू, तुला हवी तर घे. मला नको." आणि खोलीचं दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटायला अंगात जीव लागतो.

पुठ्ठ्यावर उगवता सूर्य आहे. त्याखाली, "माझं मनोबल". प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक प्रश्न छापलाय. आजचा प्रश्न: आज मी कशाबद्दल कृतज्ञ आहे?

ही वही काढणारी बाई माझ्या हाताच्या टप्प्यात नाही, याबद्दल. तिच्या बाजूनं मीच कृतज्ञ आहे.

झालं असं. ही माझ्या दिराची मुलगी. मोठी पदवी घ्यायला माझ्याकडे राहते. चार वर्षं झाली. अभ्यास कसला, तर बुरशीचा. माझ्या घरात बुरशी आली की मी फडक्यानं पुसते, हिला तिच्यासाठी डॉक्टर म्हणणार आहेत. पण हिची बुरशी जगतच नाही. काचेच्या थाळीत पेरते, उबेच्या कपाटात ठेवते, आणि आठवड्यानं बघते तर मेलेली. दुसऱ्यांची वाढते. हिचीच मरते. आता या महिन्याच्या अखेरीला समिती बसणार आणि हिला ठेवायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार.

आणि त्याआधी विद्यापीठानं काय केलं? मदत केली! एक हसरी बाई बोलावली. तिनं सगळ्यांना फुगे दिले. आपापला कमकुवतपणा चिठ्ठीवर लिहा, फुग्यात घाला, फुगवा आणि फोडा. पंचविशी ओलांडलेली पोरं, फुगे फोडत बसली. शेवटी एकेकाला ही वही.

मी विचारलं, "तू काय लिहिलंस गं चिठ्ठीवर?"

"हात."

"म्हणजे?"

"माझ्या हाताला गुण नाही, काकू. काहींच्या हाताला असतो. मला नाही."

मी म्हटलं, "अगं बुटके, हात छोटे आहेत म्हणून. वाढतील." हसली नाही. पूर्वी हसायची.

बुधवार, ८ तारीख

आजचा प्रश्न: माझी सर्वांत मोठी ताकद कोणती? जीभ. पुढे चला.

दिराचा फोन आला. "वहिनी, तुम्ही तिला समजवा. झालं तेवढं पुरे. नाचता येईना, अंगण वाकडं, असं चाललंय तिचं. कधी म्हणते बुरशी नाजूक, कधी म्हणते पाणी बरोबर नाही. हिच्याबरोबरची मुलं पुढे गेली की नाही?"

मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही दहावीला गणितात तीन वेळा बसलात तेव्हा अंगण कुठल्या बाजूला कललं होतं?"

फोन ठेवला त्यांनी. पण खरं सांगायचं तर मनातून मलाही तेच वाटतं. वहीत खोटं कशाला लिहू? पोरगी मऊ आहे. कुणी बोललं की मान खाली. मी हे गेल्यावर शिलाईचं मशीन खिडकीत मांडलं आणि गल्लीभरच्या पँटी घेतल्या. माणूस खाऊन खाऊन फुगतो आणि येऊन म्हणतो, बाई तुम्ही कंबर घट्ट शिवली. मी गप्प बसते का? मी टेप घेते आणि चार माणसांसमोर त्याचं पोट मोजून दाखवते. हिला हे जमत नाही. म्हणून मी तिला टोचत असते. उत्तर द्यायला शिकावी म्हणून. सकाळी म्हटलं, "काय बुटकाबाई, आज किती जणींचं मर्तिक?"

तिनं बूट घातले आणि गेली. डबा ओट्यावरच राहिला.

राग आला मला. एवढंसं बोलणं सहन होत नाही?

शुक्रवार, १० तारीख

तिचा पांढरा कोट लांब होता, घोट्यात अडकायचा. वीतभर कापून खालून दुमडून दिला, आणि विसरली म्हणून मीच नेऊन द्यायला गेले. त्या निमित्तानं सगळं बघून घेतलं.

खोली चकचकीत. कोपऱ्यात ते उबेचं कपाट, माणसापेक्षा उंच, काचेचं दार, दारावर हिरवे आकडे. आत फळ्या. आणि आमची बाई स्टुलावर चढून, टाचा उंचावून, सगळ्यात वरच्या फळीवर थाळ्या लावत होती. खालच्या फळीवर एक ताडमाड पोरगा गुडघ्यात घडी घालून, बगळ्यासारखा वाकून थाळ्या काढत होता. मला हसूच आलं. मी म्हटलं, "अरे बगळ्या, तू वर घे ना. तिला खाली दे. देवानं उंची दिली ती कशाला?"

दोघंही घाबरून माझ्याकडे बघायला लागले. मागून सर आले. गोड माणूस. गोडाचीच भीती असते. म्हणाले, "काकू, आमच्याकडे पद्धत आहे. नवीन माणूस वरच्या फळीवर. जसजसा हात बसतो तसतसा खाली येतो. खालची फळी कमवावी लागते. मीसुद्धा याच कपाटाच्या वरच्या फळीपासून सुरुवात केली. दोन-तीन वर्षं नुसती बुरशी मारली. मग बसला हात."

"आणि हिचा?"

"तुमची पुतणी हुशार आहे हो. मनानं हळवी आहे. आत्मविश्वास कमी पडतो." हे त्यांनी तिच्यासमोरच सांगितलं, जशी ती कपाटाचा एक खण होती.

मला त्यांचा राग आला, पण बोलणं पटलं. नवी सून आधी सगळ्यात अवघड कामाला लागते, मग हळूहळू घर तिच्या हाताखाली येतं. मीही तशीच आले. येताना बसमध्ये पुतणीला तेच सांगितलं. "सोस थोडं. सगळेच सोसतात."

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "हो काकू."

या "हो काकू"चा मला इतका संताप येतो! भांड मेले!

रविवार, १२ तारीख

आज फजिती झाली.

मी ठरवलं की पोरीला हसवायचं. म्हणून बगळ्याला आणि त्यांच्याबरोबरच्या चष्मेवालीला जेवायला बोलावलं. बगळा या कामात सगळ्यात जुना, चष्मेवाली सगळ्यात नवी. आली आणि तिघंही मान खाली घालून जेवायला लागली. एकमेकांशी हवापाण्याच्या गप्पा. रोज एका खोलीत उभी राहतात आणि बोलतात जशी दवाखान्यात नंबर लावून बसलीत.

मी म्हटलं, "हे बघा, माझ्या घरात जेवणाला भाडं लागतं. प्रत्येकानं आपण केलेला सगळ्यात मोठा गाढवपणा सांगायचा. जो जिंकेल त्याच्या गळ्यात माझा टेप. मी सुरुवात करते." आणि पोस्टमास्तरच्या पँटीचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून दिले होते ते सांगितलं. चष्मेवाली इतकी हसली की घास अडकला. मग तीच म्हणाली, "मी आजपर्यंत एकही थाळी जगवलेली नाही. सरांना सांगते, वाढतेय. रोज सकाळी लवकर येऊन मेलेल्या थाळ्या टाकते आणि नव्या ठेवते. कुणी बघायच्या आत."

बुटकी म्हणाली, "तूही?"

"तूही म्हणजे?"

"मीही तेच करते. संध्याकाळी. सगळे गेल्यावर."

मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं बरोबरी झाली, टेप अर्धा कापावा लागणार. बगळा हसत म्हणाला, "अरे, मी पहिल्या दोन वर्षांत तेच केलं. रडायचो अक्षरशः. मग एक दिवस वाढायलाच लागली. हात बसला."

बुटकीनं विचारलं, "कधी? नेमकं कधी?"

"तिसऱ्या वर्षी. ती फुगडी सोडून गेली ना, तेव्हा खालची फळी मला मिळाली, त्या सुमारास."

आणि एकदम सगळे थांबले. घास हातात तसाच. मी म्हटलं, "काय झालं? मीठ जास्त पडलं का?" बगळ्याचा चेहरा पांढराफटक. पाणी न पिता उठला, "येतो काकू" म्हणून गेला. चष्मेवाली त्याच्यामागे. एवढा स्वयंपाक तसाच राहिला.

फुगडी म्हणजे यांच्यातली एक गोल गरगरीत, सतत बडबडणारी पोर होती, तिला मी ठेवलेलं नाव. हाताला गुण नाही म्हणून सोडून गेली. तिची आठवण निघाली म्हणून वाईट वाटलं असेल सगळ्यांना. माझीच चूक. सुतकाच्या घरी जाऊन विनोद करण्यासारखं झालं. पण राग याचा येतो की चार घटका हसली होती पोरं, आणि तेही धड टिकलं नाही.

सोमवार, १३ तारीख

पुतणीला बरं नाही. सकाळीच माझं ताप बघायचं काचेचं थर्मामीटर मागितलं. मी म्हटलं कपाळ दाखव, तर म्हणाली, "नको काकू, ते तसलंच हवंय. चढलं की झटकल्याशिवाय उतरत नाही ना ते?" हो म्हटलं. घेतलं, रुमालात गुंडाळलं आणि कामावर गेली. ताप आलेला माणूस कामावर!

मंगळवार, १४ तारीख

आली. थर्मामीटर माझ्यापुढे धरलं. "वाच काकू."

चष्मा लावून वाचलं. साडेअडतीसच्याही वर. मी ओरडलेच, "अगं आणि फिरतेस काय! नीज आधी!"

तर ही हसायला लागली. तापात माणूस असाच हसतो. मी कपाळाला हात लावला, गार होतं. घाम येऊन उतरला असेल. औषध घेतलं नाही, खोलीत जाऊन बगळ्याला फोन लावला.

माझी खात्री आहे की दोघांचं काहीतरी आहे. समितीच्या तोंडावर हे सुचतंय!

शनिवार, १८ तारीख

वरचे छापील प्रश्न आता मी वाचत नाही. आज मशीनवर बसले नाही.

दुपारी पुतणी फोनवर रडत होती आणि पलीकडचं माणूस तिच्यापेक्षा मोठ्यानं रडत होतं, इकडे स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. मी आत गेले. म्हटलं बगळ्यानं फसवलं असेल तर सांग, तंगड्या आखूड करून देते. तिनं फोन ठेवला आणि म्हणाली, "बस काकू. टोमणा मारू नकोस. नुसती ऐक."

ऐकलं.

त्या कपाटात वर पंखा आहे, तो हवा फिरवतो. तो कधीचाच बंद आहे. दार बंद झालं की गरम हवा वर साठते. दारावरचे हिरवे आकडे खालच्या फळीची ऊब दाखवतात, ती बरोबर असते. वरची फळी तापत राहते आणि रात्रभरात बुरशी उकडून मरते. सकाळी दार उघडलं की गरम हवा निघून जाते, सगळं पुन्हा ठीकठाक. मग मेलेली थाळी हातात घेऊन उभं राहायचं, आणि दुसरं कुणी दिसत नाही. आपणच दिसतो.

आणि नवीन माणूस वरच्या फळीवर! खालची फळी कमवायची! म्हणजे मारायचं तिथे ठेवायचं, आणि जो टिकला त्याला खाली घ्यायचं, आणि म्हणायचं बघा, हात बसला!

"इतक्या वर्षांत कुणाला कळलं नाही?"

"कोण कुणाला सांगणार काकू? सगळे मेलेल्या थाळ्या लपवत होते. मीसुद्धा."

माझ्या थर्मामीटरला ताप त्या फळीवर आला होता. हिला नव्हता.

"मग रडत कोण होतं?"

"फुगडी. तिला सांगितलं, तुझा हात चांगला होता. ती म्हणाली, आता कशाला सांगतेस? नवऱ्याला, आईला, सगळ्यांना सांगून बसलेय की मला झेपलं नाही. आता काय, परत सगळ्यांना सांगत फिरू की कपाट गरम होतं?"

ती पोर एका दुकानात खोकी भरते. रोज. मनाशी म्हणत, मला झेपलं नाही.

अशी किती असतील? मला कुणी सांगा, अंगण वाकडं म्हणून हसणाऱ्यांपैकी एकानं तरी कधी अंगणात पाणी ओतून बघितलं का, कुठे वाहतं ते?

आणि मी म्हटलं होतं, सोस. बसमध्ये. तोंडानं.

सोमवार, २० तारीख

पुतणी सरांकडे गेली. मी म्हटलं मीही येते. नको म्हणाली. मी इस्त्री तापवली, विझवली, पुन्हा तापवली.

आली. सर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, ताप बघायच्या थर्मामीटरवर शास्त्र चालत नाही. मग म्हणाले, समजा चालतं, तर गेल्या दहा-बारा वर्षांत इथून शिकून गेलेले सगळे काय कपाटामुळे मोठे झाले? मी काय कपाटामुळे मोठा झालो? आणि मग, तोच गोड आवाज, "अपयशाचं खापर यंत्रावर फोडणं हे आत्मविश्वास नसल्याचं लक्षण आहे. तू त्या कार्यशाळेला पुन्हा बस. आणि समितीला सांग की तब्येत बरी नव्हती. मी सहा महिने मिळवून देतो."

"तू काय म्हणालीस?"

"काही नाही. उठून आले."

"एक थोबाडीत तरी..."

"काकू, त्यांना खरंच तसं वाटतं. ते खोटं नाही बोलत. त्यांनीही तीन वर्षं बुरशी मारली, आणि मग एक दिवस हात बसला. त्यावर त्यांचं सगळं आयुष्य उभं आहे."

मला नाही दया आली. तिला येते. तेवढं मऊ असू दे तिनं, मी माझ्या वाटणीचा राग धरते.

सहा महिने म्हणजे पदवी सुरळीत. फक्त म्हणायचं, मी आजारी होते. दिराला कुठून कळलं कोण जाणे, फोनवर म्हणतात, "म्हणून टाक की! जिभेला काय हाड आहे?" आणि खरं सांगू? मलाही क्षणभर वाटलं, म्हणून टाकावं. मोठ्या माणसाशी कोण लढणार? एकटी पोर, एक घरगुती थर्मामीटर.

शुक्रवार, २४ तारीख

भरदुपारी बगळा आला. जिना चढून धापा टाकत. हातात जेवणाचा डबा. मी म्हटलं, "या जावईबापू." त्यानं लक्षच दिलं नाही. डबा माझ्या जेवणाच्या टेबलावर उघडला आणि त्यातून काचेच्या थाळ्या काढल्या. काळ्या, चिकट, वाळलेल्या. वास!

"मेली काकू! सगळी मेली!" डोळ्यांतून पाणी आणि तोंडभर हसू.

पुतणी धावत आली. थाळ्या बघितल्या आणि मटकन खुर्चीत बसली. "ह्या तुझ्या आहेत. तुझ्या चांगल्यातल्या."

"हो. सोमवारी वर ठेवल्या. तुझ्या खाली ठेवल्या, माझ्या जागेवर. सरांना न सांगता. तुझ्या जगल्यात. अशा फोफावल्यात की थाळीबाहेर यायला बघतायत."

मग ती म्हणाली, "तुझं वर्षाचं काम होतं त्यात."

"काम परत करता येतं," तो म्हणाला. आणि मग टेबलाच्या कडेला हात घासत, "चार वर्षं मी तुला सल्ले दिले गं. हात असा धर, श्वास रोखून पेर. मला वाटायचं मला काहीतरी येतं."

मी त्याला बगळा म्हणणार होते, काहीतरी फाजील बोलणार होते. नाही बोलले. टेबल मात्र तीनदा घासलं. रागानं घासलं. एवढ्या चांगल्या पोरांना एकमेकांपासून लपायला लावलं त्यांनी.

मंगळवार, २८ तारीख

समिती.

मी बाहेर बाकावर बसले. हातात एका पँटीची किनार घेतली होती, टाके घातले ते सगळे वाकडे. दार जाड नव्हतं. आधी सरांचा आवाज बराच वेळ. मग कुणीतरी म्हातारा, "तब्येतीचं काय ते सांगा."

पुतणीचा आवाज आला नाही. मी सुई मांडीत टोचून घेतली. बोल मेले, बोल.

मग आला. बारीकच. "माझी तब्येत चांगली आहे."

पुढचं सगळं ऐकू आलं नाही. फळी ऐकू आलं, पंखा ऐकू आलं. काचेचा आवाज झाला, थाळ्या मांडल्या असणार. मग बगळ्याला आत बोलावलं. मग चष्मेवालीला. ती आत जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, माझे पाय लटपटतायत." मी म्हटलं, "लटपटू देत. त्यांना कुठे बोलायचंय?"

नंतर आतून तो म्हातारा म्हणाला, "मुली, तुझ्या चिकाटीचं कौतुक वाटतं."

आणि माझी पुतणी, जिच्या तोंडून मी चार वर्षं "हो काकू" ऐकलं, ती म्हणाली, इतक्या मोठ्यानं की बाकावर मी दचकले, "मला चिकाटीचं कौतुक नको. कपाट नीट करून द्या. आणि जी सोडून गेली तिला कळवा."

निकाल: एक वर्ष वाढवून दिलं. कारण काय लिहिलं? "विद्यार्थिनीच्या चिकाटीचा विचार करून." कपाटाचं नाव नाही. पंखा दुरुस्त करतील, गाजावाजा न करता. जी सोडून गेली तिचा विषय आज समितीपुढे नाही म्हणाले. सर सरच आहेत. जाताना माझ्याशी हसले.

जिंकलो का आपण? मला कळत नाही. पोरगी राहिली एवढं खरं. पण चोर घरातच ठेवून नुसती कडी बदलली, असं वाटतं. बगळा म्हणतो हे खूप झालं. मला नाही वाटत खूप झालं. फुगडी आजही खोकी भरत होती.

गुरुवार, ३० तारीख

संध्याकाळी त्या हसऱ्या बाईचा फोन आला. पुतणीनं मलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. बाई म्हणाली, अगं, किती अभिमान वाटतो, पुढच्या कार्यशाळेत नव्या मुलांसमोर तूच बोल, खचून न जाता कसं उभं राहायचं ते सांग, तुझा फोटोही छापू.

पुतणी म्हणाली, "मी येईन. पण मी त्यांना उभं कसं राहायचं ते नाही सांगणार. आधी आपली फळी तपासा, आणि मेलेल्या थाळ्या एकमेकांना दाखवा, एवढंच सांगेन. चालेल?"

बाई म्हणाली कळवते. कळवणार नाही.

मला इतका आनंद झाला की मी म्हटलं, "वा गं बुटके! वाढलीस की!"

ती माझ्याकडे वळली. फोन अजून हातात होता.

"काकू, तू मला बुटकी म्हणायचं नाही. आजपासून नाही. मर्तिक नाही, बुटकाबाई नाही, काही नाही. मी रोज सकाळी तुझं ते ऐकून जायची आणि दिवसभर ते डोक्यात घेऊन स्टुलावर चढायची. तुला वाटतं मी उत्तर द्यावं म्हणून तू टोचतेस. मला नुसतं टोचायचं, काकू."

मी? मी हिच्यासाठी रक्त आटवलं, बाकावर बसून मांडी टोचून घेतली, आणि मलाच? अगं, थट्टा आहे ती! आमच्या घरी सगळे असेच बोलायचे, कोण मेलं त्यानं? म्हणजे सर आणि मी एका माळेचे मणी का?

असलं काहीही मी बोलले नाही. नुसती भांडी वाजवली. जेवायला वाढलं. वाढलं म्हणजे आपटलं.

तिनं पहिला घास घेतला, थांबली, आणि ताट पुढे सारलं.

"भाजीत मीठ कमी आहे."

माझ्या घरात, माझ्या ताटावर बसून, तोंडावर! मी म्हटलं, "इतकी वर्षं गोड लागली ती!"

"इतकी वर्षं मी बोलले नाही," ती म्हणाली. उठली, स्वतःच मीठ घेतलं, घालून कालवलं आणि पोटभर जेवली. दुसऱ्यांदा घेतली भाजी.

ती हात धुवायला गेली तेव्हा मी पातेल्यात बोट घालून चाखून बघितलं.

कमीच होतं.